‘थिअरी’ची सोयरीक

ताक घुसळतात, दूध विरजतात आणि लोणी कढवितात, हें मराठी घरांत वाढलेल्या मुलास कोणी मुद्दाम शिकवावें लागत नाहीं. प्रश्न विचारतात, शंका काढतात, आक्षेप घेतात आणि हट्ट धरतात, हेंही त्यास आपोआप येतें. ‘त्यानें आक्षेप धरला’ असें कोणी म्हटलें तर अर्थ कळतो; पण बोलणारा परमुलखांतला असावा हेंही त्याच क्षणीं कळतें. माणसांप्रमाणें शब्दांनाही गोत असतें. कोणत्या नामाची कोणत्या क्रियापदाशीं सोयरीक व्हावयाची हें वाडवडिलांपासून ठरून गेलेलें असतें, आणि या सोयरिकीची यादी व्याकरणाच्या पुस्तकांत सांपडत नाहीं.

परभाषा शिकणाऱ्यास मात्र हीच गोष्ट सर्वांत अवघड जाते. जपानांत इंग्रजी शिकविणारे हॅरल्ड पामर यांनीं १९३३ सालीं टोकियो येथें इंग्रजींतील अशा ठरीव जोड्यांचा एक अहवाल प्रसिद्ध केला. पुढें लंडनचे प्राध्यापक फर्थ यांनीं (हे गृहस्थ पूर्वीं लाहोरास इंग्रजीचे अध्यापक होते) शब्दाची खरी ओळख त्याच्या संगतीवरून होते, हें तत्त्व १९५७ सालीं मांडलें. २००२ मध्यें ऑक्सफर्डनें अशा जोड्यांचा स्वतंत्र कोशच काढला. सोबतीवरून माणूस ओळखावा ही आपल्याकडील जुनी शिकवण. ती शब्दांनाही लागू पडते असा याचा इत्यर्थ.

या महिन्यांत आपण एकाच शब्दाची सोयरीक पाहूं. तो शब्द ‘थिअरी’. हा शब्द इंग्रजी असला तरी तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गांवींही तो आतां घरचाच झाला आहे. अकोल्यास शिकावयास गेलेला मुलगा म्हणतो, “थिअरीचा पेपर बरा गेला, प्रॅक्टिकल राहिलें आहे.” दुकान सांभाळणारे काका म्हणतात, “नुसत्या थिअरीनें धंदा होत नसतो, बाबा.” आणि माकडापासून माणूस झाला कीं नाहीं असा विषय रात्रीं जेवतांना निघाला म्हणजे आजोबा निकाल देतात, “ती डार्विनची नुसती थिअरी आहे. सिद्ध कोठें झाली आहे?” त्यावर नातू उसळून म्हणतो, “आजोबा, आमच्या पुस्तकांत ‘उत्क्रांतीचा सिद्धान्त’ असेंच छापलें आहे. सिद्धान्त म्हणजे सिद्ध झालेलाच कीं!”

असे संवाद अनेक घरांतून होत असतील. यांत कोण हुशार आणि कोण हट्टी हा प्रश्न नाहीं. आजोबा इंग्रजी शब्दावर विसंबून निकाल देत आहेत आणि नातू मराठी शब्दावर विसंबून. दोघांनींही उत्क्रांतीचा पुरावा पाहिलेला नाहीं. दोघांनींही फक्त नाम पाहिलें. हा घोटाळा कोठून येतो हें समजून घेणें अगत्याचें आहे, कारण तो शाळेपुरता राहत नाहीं. औषधपाण्यापासून शेतीपर्यंत सर्वत्र तो आपला पाठलाग करतो.

इंग्रजींत थिअरीचा जन्मापासून अंतापर्यंतचा सारा संसार तिच्या क्रियापदांत आहे. प्रथम ती ‘फॉर्म’ करतात किंवा ‘डेव्हलप’ करतात, म्हणजे मनांत घडवितात. मग ती ‘प्रपोज’ करतात, ‘अ‍ॅडव्हान्स’ करतात, ‘पुट फॉरवर्ड’ करतात, म्हणजे जाणत्यांपुढें ठेवतात. त्यानंतर ती ‘टेस्ट’ करतात. मिळालेला पुरावा तिला ‘सपोर्ट’ करतो, कधीं ‘कन्फर्म’ करतो, कधीं ‘काँट्रॅडिक्ट’ करतो. दैव उलटलें कीं तीच थिअरी ‘रिफ्यूट’ होते, ‘डिस्प्रूव्ह’ होते, ‘डिस्क्रेडिट’ होते आणि शेवटीं ‘अबॅन्डन’ होते. या सर्व मालिकेंत एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. क्रियापद पायरीपायरीनें बदलत जातें. नाम मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तेंच राहतें. सकाळीं सुचलेला कच्चा तर्कही थिअरी, आणि आइन्स्टाइननें १९१५ मध्यें मांडलेली, १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणांत पारखली गेलेली व्यापक सापेक्षताही थिअरीच. तेव्हां इंग्रजी वाचतांना ‘थिअरी’ एवढाच शब्द पाहून तिची योग्यता ठरवितां येत नाहीं. तिच्या शेजारीं कोणतें क्रियापद बसलें आहे तें पाहावें लागतें.

मराठीची रीत याच्या अगदीं उलट आहे. आपल्याकडे पायरी बदलली कीं नामच बदलतें, आणि प्रत्येक नामाची सोयरीकही वेगळी. कल्पना सुचते. तर्क बांधतात, किंवा अंमळ चेष्टेनें बोलावयाचें तर लढवितात. अनुमान काढतात. मत मांडतात. उपपत्ति लावतात, आणि ती लागते किंवा लागत नाहीं. सिद्धान्त प्रस्थापित होतो. ‘मला एक सिद्धान्त सुचला’ असें म्हणणारा मनुष्य आपणांस थोडा उद्धट वाटतो, तो याच कारणानें. सुचते ती कल्पना. सिद्धान्तापर्यंत चालत जावें लागतें. ‘सिद्ध’ आणि ‘अन्त’ या दोन शब्दांनीं तो घडलेला आहे. विचाराचा शेवट होऊन जें सिद्ध ठरलें तें सिद्धान्त, असाच त्याचा रूढ अर्थ. उलट ‘थिअरी’ या शब्दाचें मूळ ग्रीक भाषेंत ‘पाहणें’ या अर्थाचें आहे. आपल्या ‘दर्शन’ शब्दाशीं त्याचें नातें अर्थानें अधिक जवळचें. एका शब्दांत पाहण्यास आरंभ आहे, दुसऱ्यांत पाहून झाल्यावरचा निर्णय.

शास्त्रीय ग्रंथ मराठींत आणणाऱ्यांनीं एका नामास एक नाम या न्यायानें ‘थिअरी’च्या जागीं बहुतेक ठिकाणीं ‘सिद्धान्त’ बसविला, आणि कांहीं ठिकाणीं ‘वाद’. त्यामुळें दोन चमत्कार घडले. पहिला असा कीं, ‘सिद्धान्त तपासून पाहिला’, ‘सिद्धान्त खोटा ठरला’ अशीं वाक्यें छापलीं जाऊं लागलीं. जें सिद्धच झालें तें खोटें कसें ठरेल, असें मुलानें विचारलें तर गुरुजींस उत्तर देणें कठीण. दुसरा चमत्कार ‘वाद’ या प्रत्ययाचा. सापेक्षतावाद आणि साम्यवाद हे दोन्ही शब्द एकाच साच्यांतून निघालेले दिसतात. एक पदार्थविज्ञानाचा, दुर्बिणीनें व घड्याळानें तपासतां येणारा. दुसरा राज्यव्यवस्थेचा, मतदानानें व क्रांतीनें लढविला जाणारा. नुसता शब्द ऐकणारास दोन्ही सारखेच ‘मत’ वाटले तर दोष ऐकणाराचा नव्हे.

आपल्या पूर्वजांस हा भेद माहीत नव्हता असें मुळींच नाहीं. गौतमाच्या न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ सांगितले आहेत त्यांत संशय, सिद्धान्त, तर्क, निर्णय आणि वाद हीं सर्व वेगवेगळीं मोजलीं आहेत. सत्य शोधण्यासाठीं केलेला तो वाद, जिंकण्यासाठीं केलेला तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडतां दुसऱ्याचा नुसता पाडावा ती वितंडा, एवढा बारीक विवेक तेथें आहे. सिद्धान्ताचेही चार प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांतील शेवटचा फार मोलाचा आहे. त्याचें नांव अभ्युपगमसिद्धान्त. जी गोष्ट अद्याप पारखलेली नाहीं ती तिचा पुढील विचार करतां यावा म्हणून तेवढ्यापुरती मान्य करावयाची, असा त्याचा आशय. इंग्रज ज्यास ‘वर्किंग थिअरी’ म्हणतो त्याच्या फार जवळची ही गोष्ट. व्यवहारांतील मराठींत मात्र हा विवेक लोपला आणि ‘सिद्धान्त’ या शब्दाभोंवतीं केवळ अंतिमतेचें वलय राहिलें.

आतां हा शब्दांचा खेळ प्रत्यक्षांत कसा चालतो तें पाहावें. त्यासाठीं विलायतेस जावयास नको. आपल्या वऱ्हाडांतच, बुलढाणा जिल्ह्यांत, लोणारचें सरोवर आहे. सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचा तो वर्तुळाकार खड्डा, तळाशीं खारें पाणी, आणि चहूंबाजूंस काळ्या कातळाची कड. हा खड्डा झाला कसा?

प्रथम आली ती कथा. लवणासुर येथें भूमिगत होऊन राहिला होता, विष्णूनें त्याच्या विवराचें झांकण उडवून त्याचा वध केला, तोच हा खड्डा. लोणार गांवांतील दैत्यसूदनाचें मंदिर त्या कथेचें स्मारक. कथा सांगतात आणि ऐकतात. ती तपासावयाची नसते, आणि तिच्यावर तसा आरोपही करूं नये.

१८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें हें स्थळ पाहिलें. नंतरच्या भूगर्भशास्त्रज्ञांस खड्ड्याभोंवतीं सर्वत्र ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून झालेला खडक दिसला. तेव्हां हा खड्डाही ज्वालामुखीच्या स्फोटानें किंवा जमीन खचून झाला असावा, असा तर्क त्यांनीं बांधला. दख्खनचें सारें पठारच त्या खडकाचें; तर्क अगदीं स्वाभाविक होता. येथपर्यंत क्रियापद ‘बांधला’ हेंच. त्यापुढें कोणी जाऊं नये.

याच सुमारास अमेरिकेंत गिल्बर्ट नांवाचा थोर भूगर्भशास्त्रज्ञ अ‍ॅरिझोना प्रांतांतील तशाच एका खड्ड्यापुढें उभा होता. तेथें आसपास उल्केचे लोखंडी तुकडे विखुरलेले होते. गिल्बर्टनें दोन उपपत्ति समोर ठेविल्या. एक, आकाशांतून मोठी उल्का आदळली. दुसरी, जमिनीखालील वाफेचा स्फोट झाला. १८९१ सालीं त्यानें त्यांची परीक्षा मांडली, आणि ती परीक्षा मुलांना सांगण्याजोगी आहे. उल्का आदळली असेल तर ती खड्ड्याखालीं पुरलेली असली पाहिजे. म्हणजे होकायंत्राची सुई तेथें ढळली पाहिजे. शिवाय कडेवर सांचलेली माती खड्ड्याच्या पोकळीपेक्षां अधिक भरली पाहिजे, कारण कांहीं जागा उल्केनेंच व्यापलेली असणार. त्यानें सुई लावून पाहिली. ती ढळली नाहीं. त्यानें मापें घेतलीं. कडेची माती आणि खड्ड्याची पोकळी सारखी भरली. तेव्हां त्यानें उल्केची उपपत्ति सोडून दिली आणि वाफेची स्वीकारली. १८९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लेखाचा विषयच शास्त्रीय कल्पनांचा उगम कसा होतो हा होता, आणि त्यांत अ‍ॅरिझोनाच्या खड्ड्यासारखें स्थळ म्हणून आपल्या लोणारचा उल्लेख आहे.

गिल्बर्टची परीक्षा प्रामाणिक होती. निकाल मात्र चुकला. अवाढव्य वेगानें येणारी उल्का आदळतांक्षणीं बहुतांशीं वितळून, फुटून, वाफ होऊन जाते. ती खालीं सबंध पुरलेली राहत नाहीं, ही गोष्ट त्या काळीं ठाऊक नव्हती. अ‍ॅरिझोनाचा खड्डा उल्काघातानेंच झाला हें पुढें १९६० च्या सुमारास प्रस्थापित झालें. शास्त्रांत एखादी उपपत्ति टाकली गेली म्हणजे ती कायमची मेली असें नसतें. ज्या गृहीतावर परीक्षा उभी होती तें गृहीतच ढांसळलें तर टाकलेली उपपत्ति पुन्हां उभी राहते.

लोणारचा निर्णय १९७३ सालीं लागला. भारतीय व अमेरिकन संशोधकांनीं सरोवराच्या तळांतून खोल छिद्रें घेऊन खडकाचे नमुने काढले. त्यांत मॅस्केलिनाइट नांवाचा कांचेसारखा पदार्थ मिळाला. हा पदार्थ प्रथम ओळखला गेला तो बिहारांत शेरघाटी येथें १८६५ सालीं पडलेल्या उल्केंत. ज्वालामुखीच्या नुसत्या उष्णतेनें तो होत नाहीं. त्यास प्रचंड आघाताचा दाब लागतो. ज्वालामुखीचा तर्क येथें खोटा ठरला, आणि उल्काघाताची उपपत्ति सिद्धान्ताच्या पदवीस पोंचली. ‘लोणारचें सरोवर उल्काघातानें झालें’ हें वाक्य आतां ‘असावें’ न लावतां लिहितां येतें.

परंतु तें झालें केव्हां? १९९७ मध्यें एका पद्धतीनें त्याचें वय सुमारें ५२,००० वर्षें निघालें. २०११ मध्यें दुसऱ्या पद्धतीनें सुमारें ५,७०,००० वर्षें. अंतर दसपटीहून अधिक. तेव्हां एकाच खड्ड्याविषयीं ‘कसा झाला’ याचें उत्तर सिद्धान्त आहे आणि ‘केव्हां झाला’ याचें उत्तर अजून अनुमान आहे. दोन्ही उत्तरें एकाच पानावर छापलीं असतांही त्यांची पायरी एक नाहीं. हें ज्यास ओळखतां आलें त्यास शास्त्र वाचतां आलें असें समजावें.

आतां तेल्हाऱ्याकडे वळूं. उत्तरेस सातपुड्याचा पायथा, दक्षिणेस पूर्णेचें खोरें. पायथ्याकडच्या विहिरींना गोडें पाणी लागतें. पूर्णेकडे सरकावें तसतसें तें मचूळ व मग खारें होत जातें. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून गेलेला हा खारपाणपट्टा. अकोल्याच्या उत्तरेस दहिहंडा येथें तर पूर्वीं विहिरींच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ काढीत. ‘येथें कधीं काळीं समुद्र होता’ असें जुनीं माणसें सांगतात. ही झाली कल्पना, आणि ती वाईट नाहीं; परंतु तसें असतें तर त्या गाळांत सागरी शंखशिंपल्यांचे अवशेष सांपडावयास हवे होते. ते सांपडलेले नाहींत. जाणते लोक वेगळी उपपत्ति लावतात. खोलगट खोऱ्यांत नद्यांनीं शेंकडों फूट जाडीचा गाळ आणून टाकला. त्यांत चिकणमातीचे थर. पाण्याचा निचरा मंद. वर वऱ्हाडचें ऊन. पाणी उडून जातें, क्षार मागें उरतात, आणि हजारों वर्षें सांचत जातात.

समुद्र कीं निचरा, हा नुसता पंडितांचा प्रश्न नाहीं. समुद्र मानला तर तें दैव. करण्यासारखें कांहीं उरत नाहीं. मंद निचरा हें कारण मानलें तर त्यांतून कर्तव्य निघतें. अशा जमिनीस कालव्याचें पाणी द्यावयाचें तर निचऱ्याचे चर आधीं खणावे लागतील. नाहीं तर खालचे क्षार वर येऊन चांगलें वावर बिघडेल. एक उपपत्ति स्वीकारली तर हात जोडावयाचे, दुसरी स्वीकारली तर कुदळ उचलावयाची.

यापुढचें उदाहरण अधिक दुःखाचें आहे. इंग्रजींत ‘इन थिअरी’ आणि ‘इन प्रॅक्टिस’ अशी एक प्रसिद्ध जोडी आहे. मराठींत तिला ‘तत्त्वतः’ आणि ‘व्यवहारांत’ हे साधे शब्द आहेत. बीटी कपाशीस आपल्या देशांत २००२ सालीं परवानगी मिळाली, आणि दोन जनुकांचें सुधारलेलें वाण २००६ सालीं आलें. या बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर बिगरबीटी बियाण्याचें १२० ग्रॅमचें लहान पाकीट मिळत असे. नियम असा कीं, वावराच्या कडेनें बिगरबीटीच्या पांच ओळी, किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, लावाव्यात. हें कशासाठीं? बीटी पऱ्हाटी खाऊनही जगणारी एखादी अळी हजारोंत निघतेच. तिचे पतंग आपसांतच मीलन करीत राहिले तर बीटीस न जुमानणारी प्रजा वाढेल. म्हणून शेजारीं बिगरबीटी झाडांवर साध्या अळ्या मुद्दाम जगूं द्यावयाच्या. त्यांच्या पतंगांशीं या दांडग्या पतंगांचें मीलन झालें म्हणजे संतति पुन्हां बीटीनें मरणारी निपजेल.

हा विचार कोणाचा? ज्या डार्विनच्या ‘नुसत्या थिअरी’वर आजोबा रात्रीं जेवतांना हंसले, तिचाच. जगण्यास योग्य तो उरतो आणि त्याची प्रजा वाढते, हें तत्त्व सातपुड्याच्या पायथ्याशीं कपाशीच्या बोंडांत रोज काम करीत आहे.

व्यवहारांत काय झालें हें सर्वांस ठाऊक आहे. पांच ओळींचें उत्पन्न अळीस अर्पण करणें लहान शेतकऱ्यास परवडेना. त्या पाकिटाचा हेतु त्यास नीट कोणी समजावूनही सांगितला नाहीं. कित्येक पाकिटें बांधावर पडलीं. त्यांत कपाशी फेब्रुवारी-मार्चपर्यंत वावरांत उभी ठेवण्याची रीत पडली, म्हणजे अळीस बारा महिने अन्न. गुलाबी बोंडअळी बीटीस पचवूं लागली आणि २०१७ च्या हंगामांत विदर्भांतील कपाशीचें अतोनात नुकसान झालें. बाहेरून हिरवें दिसणारें बोंड फोडावें तों आंत अळी आणि डागी रुई.

तेव्हां चावडीवर एक वाक्य ऐकूं येत असे: “ती सारी थिअरी होती, खोटी निघाली.” या वाक्यांतील क्रियापद चुकलें आहे. बीटीमुळें कपाशी कायमची सुरक्षित झाली, ही जाहिरात खोटी निघाली. थिअरीनें तर आधींच बजाविलें होतें कीं या ओळी न लावल्या तर अळी निबर होईल. आणि तसेंच घडलें. शेतांतील नुकसानीनें ती उपपत्ति खोटी ठरली नाहीं, तिला दुजोराच मिळाला. जी आचरणांत आली नाहीं ती गोष्ट आणि जी खोटी ठरली ती गोष्ट, यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. हें अंतर न ओळखणारा मनुष्य पुढल्या वर्षींही पाकीट बांधावरच टाकील, आणि त्याचें समाधान असें कीं आपण थिअरीच्या नादीं लागलों नाहीं.

म्हणून आपल्या घरांतील मुलांना इंग्रजी शिकवितांना थिअरीच्या जोड्या नुसत्या पाठ करून घेऊं नयेत; प्रत्येक जोडीस मराठींत कोणतें नाम व कोणतें क्रियापद शोभतें तें त्यांच्याकडून काढून घ्यावें. ‘प्रपोज अ थिअरी’ यास उपपत्ति सुचविणें किंवा मत मांडणें म्हणावें. सिद्धान्त मांडणें म्हणूं नये. ‘टेस्ट’ असेल तेथें उपपत्ति पडताळून पाहणें. पुरावा ‘सपोर्ट’ करतो तेथें दुजोरा देतो. ‘कन्फर्म’ झाली तेथें, आणि तेथेंच, सिद्धान्त प्रस्थापित झाला असें लिहावें. ‘डिस्प्रूव्ह’ म्हणजे खोटी ठरली. ‘रिफ्यूट’ म्हणजे खंडन केलें. ‘पेट थिअरी’ म्हणजे एखाद्याचें लाडकें मत. तें प्रत्येक घरांत एकेकाचें असतें आणि लाडक्या मुलाप्रमाणें त्याचे दोष घरच्यांस दिसत नाहींत. ‘कॉन्स्पिरसी थिअरी’स कटाची कल्पना किंवा कटाचा संशय एवढेंच म्हणावें. वृत्तपत्रांतून तिला कोठें कोठें ‘सिद्धान्त’ अशी पदवी मिळालेली दिसते. जी गोष्ट पुराव्यावांचून पसरते, आणि उलट पुरावा दाखविला तर तोही कटाचाच भाग ठरविते, तिच्या अंगावर सिद्धान्ताची शाल घालणें हा त्या शब्दाचा अपमान आहे. दुकानांतील काकांच्या वाक्यांत ‘थिअरी’ म्हणजे पुस्तकी ज्ञान, आणि परीक्षेंतील ‘थिअरी’ म्हणजे लेखी पेपर. या दोन अर्थांशीं शास्त्राचा संबंध नाहीं, एवढें मुलाच्या मनांत पक्कें असावें.

मोबाईलवर सकाळसंध्याकाळ जे मजकूर येतात त्यांनाही हीच कसोटी लावतां येईल. अमुक मुळीनें मधुमेह समूळ जातो, तमुक लसीनें अपाय होतो, असें कोणी धाडलें तर ‘हें खरें कीं खोटें’ असा वाद लगेच घालूं नये. तें कोणत्या पायरीवर आहे तें आधीं विचारावें. कोणास सुचलें आहे, कोणी तपासलें आहे, आणि तपासणींत काय आढळलें आहे? सुचलें एवढेंच उत्तर आलें तर ती कल्पना समजावी, आणि घरांतील रुग्णाचें औषध तिच्यासाठीं बंद करूं नये.

आजोबा आणि नातू यांच्या वादाचा निकालही याच रीतीनें लागेल. आजोबांनीं ‘नुसती थिअरी’ हें पद सोडावें, नातवानें ‘पुस्तकांत सिद्धान्त छापलें आहे’ हा आधार सोडावा. नंतर दोघांनीं मिळून एकच विचारावें: ही गोष्ट कशानें पडताळली गेली? नातवानें तें शोधून आणावें आणि आजोबांनीं पूर्वपक्षाचें काम करून त्यावर शंका काढाव्या. शंका काढण्यांत वडीलधाऱ्यांचा हात धरणारा अजून कोणी निघालेला नाहीं, आणि शास्त्रास अशा पूर्वपक्षाची फार गरज असते. तो खरा वाद होईल. जल्पही नव्हे आणि वितंडाही नव्हे.